गाडीचं हूड: धुवावं कसं, जपावं कसं?

आज आपण गाडीच्या हुडाबद्दल बोलणार आहोत. हूड म्हणजे रिक्षावरचं किंवा जीपवरचं कापडाचं, रेक्झिनचं छप्पर. विषय ऐकून एखादी म्हणेल, "अगं बाई, हे तर गॅरेजवाल्याचं काम!" पण दारातली रिक्षा धुतं कोण? बहुतेक घरांत हे काम आपल्याकडेच येतं. धुण्याभांड्यांचं आटोपलं की त्याच बादलीत, त्याच पावडरीने, त्याच घासणीने रिक्षाही घासली जाते. आणि इथेच हुडाचं नुकसान सुरू होतं.

आता तर रिक्षा चालवणाऱ्या बायाही वाढल्या आहेत. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने महिलांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आणली. तिच्यात किमतीचा १० टक्के वाटा बाईचा, २० टक्के सरकारचा आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. म्हणजे दर महिन्याला हप्ता आला. कुणाकडे नवऱ्याची आपे आहे, कुणाच्या मुलाची जीप आहे, कुणी गटाच्या गाडीतून भाजी बाजाराला नेते. गाडी कुणाच्या का नावावर असेना, हूड गळायला लागलं की पावसाळ्यात बसणारी माणसं दुसऱ्या रिक्षाकडे वळतात. भाजी भिजते, सीटचा स्पंज कुजतो, आणि हप्त्याची तारीख काही पुढे जात नाही.

म्हणून आजची गोष्ट एका वाक्यात सांगते. हूड नुसत्या वापराने जितकं खराब होतं, त्यापेक्षा जास्त ते चुकीच्या धुण्याने आणि ओलं घडी घालण्याने खराब होतं. या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत, आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही.

आधी कापड ओळखा

साडी धुताना आपण सुती आणि रेशमी एकत्र भिजवत नाही. हुडाचंही तसंच आहे. आपल्याकडे दोन प्रकारची हुडं जास्त दिसतात.

पहिला प्रकार रेक्झिनचा. बहुतेक रिक्षांवर हाच असतो. वरून गुळगुळीत किंवा बारीक दाण्याचा, हाताला प्लास्टिकसारखा लागतो. उलटी बाजू पाहिली तर कापड दिसतं. म्हणजे आत कापड आणि वर प्लास्टिकचा लेप. हे प्लास्टिक मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. तो पदार्थ आत आहे तोवर रेक्झिन लवचीक राहतं. तो निघून गेला की रेक्झिन पापडासारखं होतं. घडीवर तडकतं, मग भेगा पडतात, मग गळतं.

दुसरा प्रकार कॅनव्हासचा, म्हणजे जाड विणीच्या कापडाचा. जुन्या जीपवर आणि माल नेणाऱ्या गाड्यांवर दिसतो. दोन्ही बाजूंनी कापडच असतं. सुती कॅनव्हासची एक गंमत आहे. पाणी लागलं की त्याचे धागे फुगतात आणि विणीतली बारीक छिद्रं बंद होतात. म्हणून कोरं कॅनव्हास पहिल्या पावसात थोडं झिरपतं, पण एकदा भिजून वाळलं की शिवणीची भोकंही पुष्कळशी बुजतात. कोरं हूड बसवल्यावर पावसाची वाट पाहू नका. आधीच एकदा पाण्याने भिजवून, ताणलेल्या अवस्थेतच पूर्ण वाळू द्या.

तिसरा प्रकार महागड्या उघड्या मोटारींचा. छत मागे दुमडता येतं अशी मोटार तुम्ही सिनेमात पाहिली असेल. तिच्या हुडाला सहसा तीन थर असतात. वर रंग न उडणारं कृत्रिम धाग्याचं कापड, मध्ये रबर आणि आत अस्तर. ही कल्पना जुनी आहे. ग्लासगो शहरातल्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि त्यापासून रेनकोट झाले. पण ते रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. पुढे १८४०च्या दशकात रबरात गंधक घालून तापवायची रीत आली आणि ती अडचण सुटली. आज आपल्या अंगावरचा रेनकोट आणि गाडीवरचं हूड ही एका घरची भावंडंच आहेत.

तुमचं हूड कोणतं, हे ओळखायला उलटी बाजू पाहा आणि वर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले किंवा ओघळून गेले तर लेप शाबूत आहे. कापड काळपट पडून पाणी आत शोषलं गेलं तर लेप गेलेला आहे. ही थेंबाची परीक्षा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

हुडाचे चार वैरी

पहिला वैरी ऊन. उन्हाने रंग उडतो, धागा कच्चा होतो, रेक्झिनमधला मऊपणा जातो. कॅनव्हास कधी कधी वरून ठीक दिसतं, पण हाताने ओढलं की जुन्या धोतरासारखं फाटतं. ती उन्हाची करणी असते.

दुसरा वैरी ओल. सुती कापड म्हणजे बुरशीचं खाणं. पावसाळी हवेत कापड दोन दिवस ओलं राहिलं तरी बुरशी धरू शकते. रेक्झिन वरून कुजत नाही, पण आतलं कापड कुजतं आणि वर साचलेल्या धुळीवरही बुरशी वाढते.

तिसरा वैरी धूळ. धूळ मऊ दिसते, पण तिच्यात वाळूचे बारीक कण असतात. गाडी हलली की हे कण धाग्यांमध्ये घासत राहतात. धूळ न झटकता ओलं फडकं फिरवलं की हुडावर पॉलिशपेपर फिरवल्यासारखं होतं.

चौथा वैरी म्हणजे आपलाच चुकीचा उपचार. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो. तो हुडाचा लेप आणि रंग हळूहळू खातो. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, थिनर यांनी डाग झटकन निघतो, पण रेक्झिन मऊ ठेवणारा तो पदार्थही त्याबरोबर निघून जातो. आज चकचकीत दिसलेलं हूड काही दिवसांनी कडक का झालं, याचं उत्तर पुष्कळदा या रॉकेलच्या बोळ्यात असतं. खोबरेल किंवा गाडीचं तेल चोळून चमक आणू नये. तेलावर धूळ बसते आणि चिकट थर तयार होतो.

दोन बादल्यांत हूड धुवायची रीत

आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे नळी लावून गाडी धुणं परवडणारं नाही, आणि त्याची गरजही नाही. दोन बादल्या पाणी पुरतं.

वेळ सकाळची किंवा उन्हं उतरल्यावरची निवडा. भर दुपारी हूड तापलेलं असतं. साबणाचं पाणी धुण्याआधीच वाळतं आणि पांढरे ओघळ उठतात. गाडी सावलीत उभी करा. ई-रिक्षा असेल तर चार्जर काढलेला आहे ना ते पाहा. बॅटरी आणि वायरिंगच्या बाजूला पाणी जाऊ देऊ नका.

आधी सुकी धूळ काढा. मऊ झाडूने किंवा कपड्यांच्या जुन्या ब्रशने वरून खाली झटका. शिवणी आणि घड्यांमधली माती नीट काढा.

मग पहिल्या बादलीत पाणी घेऊन केसांच्या साध्या शाम्पूच्या एक-दोन पुड्या टाका. शाम्पू सौम्य असतो, म्हणून चालतो. घरी रिठे असतील तर रात्री भिजवून, सकाळी कुस्करून, गाळून घेतलेलं पाणीही चालतं. रिठ्याच्या पाण्याचा डाग पडत नाही ना, हे आधी मागच्या कोपऱ्यात लावून पाहा. कोणतीही नवी वस्तू आधी कोपऱ्यात, मग सगळीकडे, हा नियम पक्का धरा.

फडकं किंवा स्पंज त्या पाण्यात बुडवून पिळा आणि हुडाचा वीतभर-हातभर भाग घेत पुसत जा. रेक्झिनच्या दाण्यात मळ अडकला असेल तर मऊ ब्रश हलक्या हाताने गोल फिरवा. कॅनव्हासवर मात्र ब्रश विणीच्या दिशेने, एकाच बाजूला चालवा. गोल घासलं की कापडाला गोळे येतात. तारेची घासणी, काथ्या आणि फरशीचा कडक ब्रश हुडाच्या जवळही आणू नका.

दुसरी बादली नुसत्या स्वच्छ पाण्याची. दुसरं फडकं घेऊन साबणाचा अंश पूर्ण काढा. दोनदा पुसा, तीनदा पुसा. फेस येणं थांबलं पाहिजे. साबण राहिला तर दोन तोटे होतात. एक, त्यावर धूळ लवकर चिकटते. दुसरा मोठा. साबणाचं कामच पाण्याला कापडात शिरायला मदत करायचं आहे. तो कापडात राहिला की पावसाचं पाणी थेंब होऊन ओघळण्याऐवजी आत मुरतं. पुष्कळदा हूड गळायला लागतं ते फाटल्यामुळे नव्हे, तर राहून गेलेल्या साबणामुळे.

बोअरचं जड पाणी असेल तर ते हुडावर आपोआप वाळू देऊ नका. पांढरे डाग राहतात. सुक्या सुती फडक्याने लगेच टिपून घ्या. जुनी सुती साडी यासाठी फार कामाची.

आणि हो, हे धुणं विहिरीच्या काठावर, नदीवर किंवा गुरांच्या हौदाजवळ करू नका. साबणाचं पाणी तिथे जाता कामा नये.

सर्व्हिसिंगच्या ठिकाणी जोराच्या फवाऱ्याने गाडी धुतात. तिथे सांगा, "दादा, फवारा हुडावर मारू नका." त्या जोराने पाणी शिवणीतून आत घुसतं आणि लेपही सुटतो.

डागांचं काय करायचं?

पक्ष्यांची विष्ठा आम्ल असते. ती दिवसेंदिवस राहिली तर रंग खाते. पण सुकलेली नखाने खरवडू नका. ओलं फडकं तिच्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. ती मऊ झाली की अलगद उचलून घ्या आणि शाम्पूच्या पाण्याने पुसा.

झाडाचा चीक आणि फळांचे डाग असतील तर कोमट पाण्याचं फडकं ठेवा, पुन्हा पुन्हा टिपा. जांभळाच्या झाडाखाली जूनमध्ये रिक्षा उभी करू नये, हे सांगायला नको.

तेलाचा किंवा ग्रीसचा डाग असेल तर आधी त्यावर कोरडी माती किंवा पीठ दाबून तेल शोषून घ्या. झटका. मग शाम्पू थेट फडक्यावर घेऊन टिपत टिपत काढा. एका दिवसात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. डाग थोडा राहिला तरी चालेल. डागापायी हुडाला भोक पाडणं परवडणार नाही.

बुरशीचे काळे-हिरवे ठिपके दिसले तर गाडी मोकळ्या हवेत न्या. नाका-तोंडाला पदर किंवा रुमाल बांधा, कारण बुरशीची धूळ छातीत जाणं चांगलं नाही. कोरडा मऊ ब्रश फिरवून ठिपके झटका. मग एक वाटी पांढरा व्हिनेगर, म्हणजे सिरका, आणि चार वाट्या पाणी असं मिश्रण फडक्याने लावा. पंधरा-वीस मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसा आणि हूड उन्हात पूर्ण वाळवा. ठिपक्यांचा रंग कधी कधी राहतो, पण बुरशीची वाढ थांबते.

इथे एक धोक्याची गोष्ट ऐका. ब्लीचिंग पावडर हुडाला लावू नका. तिने शिवणीचा दोरा आणि सुती कापड दोन्ही कच्चं होतं. आणि ब्लीचिंग पावडर आणि सिरका कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो डोळ्यांना आणि छातीला घातक आहे. हे फक्त गाडीपुरतं नाही, घरातल्या मोरी-संडासासाठीही लक्षात ठेवा.

पारदर्शक प्लास्टिकची खिडकी

पावसाळ्यात बाजूला सोडायच्या पडद्यांना आणि मागच्या खिडकीला पारदर्शक प्लास्टिक असतं. ते धुरकट झालं की चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही, म्हणजे अपघाताला निमंत्रण. हे प्लास्टिक कोरडं कधीही पुसू नका. धुळीचे कण चरे पाडतात. आधी पाणी ओता, माती वाहून जाऊ द्या, मग मऊ ओल्या फडक्याने एका दिशेने पुसा. काच पुसायचं द्रावण, स्पिरिट किंवा रॉकेल लावू नका. त्याने प्लास्टिक पांढरट होतं. पडदा ठेवताना घडी घालू नका. जुनी सुती साडी मध्ये ठेवून चटईसारखी गुंडाळी करा. थंडीच्या सकाळी प्लास्टिक कडक असतं. थोडं ऊन लागू द्या, मग गुंडाळा.

वाळवल्याशिवाय घडी नाही

आजच्या बोलण्यातलं एवढं एक जरी लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं. ओलं हूड दुमडू नये, ओला पडदा गुंडाळू नये. वरून सुकलेलं वाटलं तरी शिवण, काठ आणि आतली बाजू हाताने चाचपून पाहा. गार लागलं म्हणजे ओल आहे.

पावसातून गाडी आली आणि रात्री हूड काढणं भाग पडलं, तर ते पसरून ठेवा आणि सकाळी उघडीप मिळताच पुन्हा चढवून वाळवा. सुती कॅनव्हास भिजलं की आक्रसतं. म्हणून ते सांगाड्यावर ताणलेलंच वाळू द्यावं. सुटं वाळवलं तर नंतर काठ पुरत नाही.

गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. आतली वाफ बाहेर पडत नाही आणि हुडाला घाम फुटतो. ताडपत्री घालायचीच असेल तर चार बांबूंवर वरती ताणा. मध्ये वारा खेळू द्या. पाचटाची झोपडी किंवा शेडनेटची सावली असेल तर त्याहून उत्तम. सावलीइतकं स्वस्त औषध हुडाला दुसरं नाही.

पाणी रोखण्याची ताकद परत आणणं

हूड स्वच्छ धुऊन पूर्ण वाळलं की थेंबाची परीक्षा पुन्हा करा. थेंब उभा राहिला तर काहीही लावू नका.

रेक्झिनवर थेंब शोषला जात असेल तर तिथे भेग आहे. तिथे पाणी रोखणारा लेप देऊन फारसा उपयोग होत नाही, ठिगळच लावावं लागतं. चांगल्या रेक्झिनला उन्हापासून जपण्यासाठी दुकानात पाण्यात बनवलेलं, तेलकट नसलेलं द्रावण मिळतं. घेताना डब्यावर ते रेक्झिनसाठी आहे का, हे वाचून घ्या.

कृत्रिम धाग्याच्या कापडी हुडाला कापडासाठीचं पाणीरोधक द्रावण लावतात. ते धुऊन वाळवलेल्या कापडावर, मोकळ्या हवेत, चुलीपासून आणि विडीकाडीपासून लांब लावावं.

सुती कॅनव्हाससाठी मात्र एक जुनी घरगुती रीत आहे. तिला साबण आणि तुरटी एवढंच लागतं. दहा लिटर कोमट पाण्यात साधारण पाव किलो तेलाचा धुण्याचा साबण किसून विरघळवा. डिटर्जंटची वडी नको, साबणच हवा. हे पाणी ब्रशने कॅनव्हासला लावा आणि वाळू द्या. मग दुसऱ्या दहा लिटर पाण्यात पाव किलो तुरटी विरघळवून ते पाणी वरून लावा आणि पुन्हा वाळवा.

आता तुम्ही विचाराल, "मघाशी तर साबण राहिला की हूड गळतं म्हणालात!" बरोबर. नुसता साबण राहिला तर गळतंच. पण तुरटीत अॅल्युमिनियम असतं. ते साबणाशी मिळून धाग्यांमध्ये एक मेणचट पदार्थ तयार करतं, आणि तो पाण्यात विरघळत नाही. त्यावरून पाणी ओघळतं. ही रीत कायमची नाही. पाऊस आणि घासण्याने ती झिजते, म्हणून दर पावसाळ्यापूर्वी पुन्हा करावी. पाणी जड असेल तर साबण नीट विरघळत नाही, साका धरतो. साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम. ही रीत रेक्झिनवर करू नका, आणि कॅनव्हासवरही आधी एका तुकड्यावर करून पाहा.

फक्त शिवणीतून पाणी येत असेल तर सुती कॅनव्हासच्या शिवणीवर मेणबत्ती किंवा मधमाशीचं मेण दोन्ही बाजूंनी घासा आणि उन्हात ठेवा. मेण पघळून दोऱ्यात शिरतं आणि भोकं बुजतात.

लहान भोक लहान असतानाच

एक टाका वेळेवर घातला तर पुढचे दहा वाचतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हुडाला आतून कंदिलासारखा दिवा दाखवा. रात्री मोबाइलची बॅटरी आतून लावून बाहेर उभं राहा. जिथून उजेड टोचतो तिथून पाणी येणार.

ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन बोटं मोठं घ्या. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी सुटतो. दोरा पॉलिस्टरचा वापरा. सुती दोरा ओलीने कुजतो. घरची शिलाई मशीन रेक्झिनच्या दोन-तीन थरांवर चालत नाही, सुई मोडते. तिथे दाभण घ्या आणि टाके फार जवळ जवळ घालू नका. जवळच्या भोकांवरून रेक्झिन तिकिटासारखं फाटतं. रेक्झिनला आतून ठिगळ चिकटवायचं असेल तर रेक्झिनसाठीचाच गोंद दुकानातून आणा.

हूड लोखंडी पाइपांवर टेकतं तिथे ते आधी झिजतं. पाइपांना गंज असेल तर पॉलिशपेपरने घासून रंग द्या. गंजाचा डाग तर पडतोच, शिवाय गंज सुती धागा कच्चा करतो. पाइपावर जाड कापडाची पट्टी गुंडाळा. पट्टे आणि नाड्या सैल झाल्या तर दोन पाइपांच्या मध्ये पावसाचं पाणी साचतं. त्या वजनाने हूड खाली ओघळतं आणि कायमचं ताणलं जातं. गाडी काढण्याआधी आतून हाताने वर ढकलून पाणी सांडून द्या आणि पट्टे आवळा.

वर्षाचं वेळापत्रक

मे महिन्यात, रोहिणी निघायच्या सुमारास, हूड पूर्ण धुवा. थेंबाची आणि दिव्याची परीक्षा करा. ठिगळं, शिवणी, साबण-तुरटी सगळं तेव्हाच उरका. मृग लागल्यावर शिलाईवाला सापडत नाही आणि हूड वाळतही नाही.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडीप मिळाली की हूड मोकळं करा. शिवणी आणि घड्या चाचपा. बुरशीचा वास आला तर ठिपक्यांची वाट पाहू नका.

दसऱ्याला आपण गाडी धुतो, पूजा करतो, झेंडूचा हार घालतो. त्याच धुण्यात हुडाचा पावसाळ्याचा मळही निघू द्या. हार मात्र पुढच्या काचेजवळ बांधा. ओला हार कापडावर राहिला की पिवळा डाग पडतो. हळद-कुंकवाचं बोटही हुडाऐवजी पत्र्यावर लावा.

थंडी-उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी सुकी धूळ झटकली तरी पुरे. धुणं महिन्या-दोन महिन्यांनी. सारखं धुणंही बरं नव्हे.

गटाने काय करता येईल?

मऊ ब्रश, दाभण, पॉलिस्टर दोरा, रेक्झिनचे तुकडे, गोंद आणि सिरक्याची बाटली एवढं सामान गटाने एका डब्यात ठेवलं तर वस्तीतल्या सगळ्या गाड्यांना पुरतं. ज्या मैत्रिणींना शिवणकाम येतं त्यांना इथे कामही आहे. हुडाचं ठिगळ, बाजूचे पडदे, सीटची खोळ. जाड कापडाची मशीन गटाने घ्यायची की नाही, ते आधी गावात गाड्या किती आहेत ते मोजून ठरवा. मोजल्याशिवाय कर्ज नको.

आणि ज्यांच्या घरी रिक्षा आहे त्यांनी रोज पाच रुपये हुडाच्या नावाने वेगळे ठेवून पाहा. वर्षाचे १८२५ रुपये होतात. हूड कितीही जपलं तरी एक दिवस ते बदलावं लागणारच. तो दिवस सावकाराच्या दारात न जाता उजाडला पाहिजे.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. दारातल्या गाडीची उलटी बाजू पाहा, वर चार थेंब टाका, आणि काय दिसलं ते गटाच्या बैठकीत सांगा. तुमच्याकडे हूड जपायची वेगळी रीत असेल तर आम्हालाही कळवा, पुढच्या वेळी ती सगळ्यांना ऐकवू. तोपर्यंत नमस्कार.